विजेवर हलणारे बहुवारिक : कृत्रिम स्नायूंचे विज्ञान

विहिरीवरील पंप, पिठाची गिरणी, घरातील पंखा या सर्वांत विजेचे रूपांतर हालचालीत होते आणि ते काम मोटार करते. मोटारीची मूळ गती फिरण्याची असते. तिच्याकडून वाकणे, उचलणे, पकडणे अशी कामे करवून घ्यावयाची असल्यास दातेरी चक्रे, पट्टे आणि दांडे यांची जोड द्यावी लागते. सजीवांच्या शरीरातील व्यवस्था याहून वेगळी आहे. स्नायू स्वतःच आखडतो आणि स्वतःच सैल पडतो. तो मऊ असतो, आवाज करीत नाही आणि आपल्या लांबीच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत सहज आखडू शकतो.

हा फरक केवळ कुतूहलाचा विषय नाही. अपघातात हात गमावलेल्या व्यक्तींना बसविण्यात येणारे विद्युत कृत्रिम हात आजही प्रामुख्याने लहान मोटारींवरच चालतात. मोटार, चक्रे आणि बॅटरी यांचे वजन त्या व्यक्तीला दिवसभर वागवावे लागते. स्नायूप्रमाणे स्वतःच आखडणारा हलका पदार्थ उपलब्ध झाला तर असा हात अधिक सुसह्य होईल. म्हणूनच विजेच्या प्रभावाने वाकणाऱ्या, फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या बहुवारिकांचा, म्हणजे पॉलिमरांचा, अभ्यास अनेक देशांत चालू आहे. या पदार्थांपैकी एका मोठ्या गटाचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच गोष्टीत आहेत. ती गोष्ट म्हणजे विद्युत अग्राच्या आत शिरणाऱ्या आणि तेथून बाहेर पडणाऱ्या आयनांची वाटचाल. ती समजून घेतली म्हणजे या विषयातील आशा कोठवर खऱ्या आहेत, हेही समजते.

पूर्वपीठिका

वीज आणि स्नायू यांचा संबंध प्रथम इटलीतील बोलोन्या येथे ठळकपणे दिसून आला. लुईजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाच्या पायाला धातूंचा स्पर्श होताच तो झटका देतो, असे पाहिले आणि १७९१ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ही वीज प्राण्याच्या शरीरातून येते असे त्यांचे मत होते. अलेस्सांद्रो व्होल्टा यांना ते मान्य नव्हते. या वादातूनच १८०० मध्ये व्होल्टा यांचा विद्युतघट जन्माला आला. आजच्या सर्व बॅटऱ्यांचा तो पूर्वज होय.

निर्जीव पदार्थाचा आकार विजेने बदलता येतो काय, याचा एक प्रारंभीचा प्रयोग विल्हेल्म राँटगेन यांनी १८८० मध्ये केला. त्यांनी रबराच्या पट्टीवर विद्युतभार दिला असता तिच्या लांबीत फरक पडला. पुढे १८९५ मध्ये क्ष-किरणांच्या शोधामुळे त्यांचे नाव जगभर झाले आणि हा प्रयोग मागे पडला. १९५० च्या सुमारास कुन आणि काट्चाल्स्की या शास्त्रज्ञांनी बहुवारिकाचे तंतू आम्लात आकसतात व अल्कलीत फुगतात, असे दाखविले. आयनांच्या अदलाबदलीतून यांत्रिक काम करून घेता येते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १९७७ चा आहे. प्लॅस्टिक म्हणजे वीजरोधक असा सर्वसाधारण समज होता. ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांनी पॉलिॲसिटिलीन या बहुवारिकावर योग्य रासायनिक संस्कार केल्यास ते विजेचे चांगले वाहक बनते, हे सिद्ध केले. या कार्याबद्दल त्यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वीजवाहक बहुवारिक हाती आल्यामुळे बहुवारिकाचेच विद्युत अग्र करणे शक्य झाले.

विद्युत अपघटनी आणि आयन

तांब्याच्या तारेतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन सरकत असतात. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते तेव्हा मात्र मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तेथे मिठाचे घटक, म्हणजे धन भार असलेले सोडियमचे आणि ऋण भार असलेले क्लोरिनचे आयन, विरुद्ध दिशांना सरकतात. अशा रीतीने आयनांच्या द्वारे वीज वाहून नेणाऱ्या पदार्थास विद्युत अपघटनी किंवा इलेक्ट्रोलाइट म्हणतात. ज्या वाहकामार्फत वीज त्यात शिरते वा बाहेर पडते, ते विद्युत अग्र. विद्युत अग्र, विद्युत अपघटनी आणि आयन यांची आज जगभर रूढ असलेली इंग्रजी नावे मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये प्रचारात आणली. आयन हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे. पुढील सर्व विवेचनाचे सार या एका शब्दात आलेले आहे.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा शाळेत इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी असेल तर तिच्यातील सौम्य गंधकाम्ल ही विद्युत अपघटनीच होय. अशा बॅटरीत वेळोवेळी ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागते, कारण भारण होताना काही पाण्याचे अपघटन होऊन ते वायुरूपाने निघून जाते. नळाचे पाणी घालू नये असे सांगितले जाते ते त्यातील क्षार नको असतात म्हणून. पाणी कमी होणे आणि नको ते आयन आत येणे या दोन अडचणी कृत्रिम स्नायूंच्या बाबतीतही पुन्हा भेटतात.

विद्युत अग्र आणि विद्युत अपघटनी जेथे एकमेकांना भिडतात, त्या सीमेवर काय घडते हा या शास्त्राचा गाभा आहे. अग्रावर ऋण भार साठला की द्रावणातील धन आयन त्याच्याजवळ येऊन उभे राहतात. भारांचे हे दोन थर समोरासमोर असतात आणि त्यांच्यातील अंतर अतिसूक्ष्म असते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात या दुहेरी थराची कल्पना मांडली. पुढे गुई यांनी १९१० मध्ये, चॅपमन यांनी १९१३ मध्ये आणि स्टर्न यांनी १९२४ मध्ये ती अधिक अचूक केली.

सपाट धातूच्या पत्र्यावर असे आयन फारच थोडे मावतात. पृष्ठभाग वाढविण्यासाठी सच्छिद्र पदार्थ वापरतात. विशेष प्रक्रिया केलेल्या केवळ एक ग्रॅम कोळशातील सर्व सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ १,००० चौरस मीटरहूनही अधिक भरू शकते. म्हणजे चिमूटभर कोळशात सुमारे १० गुंठे जमीन सामावलेली असते. अशा अग्रात आयन केवळ पृष्ठभागावर न थांबता आत खोलवर शिरतात.

वाकणारी पट्टी

उन्हात वाळत घातलेल्या पापडाच्या कडा वर वळतात, कारण वरची बाजू आधी वाळून आकसते आणि खालची बाजू ओलसर राहते. एकाच पट्टीच्या दोन बाजूंचे आकारमान असमान झाले की ती वाकते. कृत्रिम स्नायूंपैकी अनेकांचे कार्य याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच की येथे सूर्याचे काम वीज करते.

१९९२ मध्ये जपानमधील ओगुरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पट्टीचे वर्तन प्रसिद्ध केले. नॅफिऑन नावाच्या बहुवारिकाचा पातळ पडदा त्यासाठी वापरण्यात आला. हा पदार्थ १९६० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाला असून क्लोरिन व कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत आणि इंधनघटांत तो आयनांना वाट देणारा पडदा म्हणून वापरला जातो. त्याच्या साखळ्यांना ऋण भाराचे गट कायमचे जोडलेले असतात, ते हलू शकत नाहीत. त्यांच्या जोडीचे धन आयन मात्र पाण्यासह आत मोकळे फिरतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंवर प्लॅटिनमचा थर चढविला की दोन विद्युत अग्रे तयार होतात.

या पट्टीला १ ते ३ व्होल्ट इतका अल्प दाब दिला असता धन आयन ऋणाग्राकडे निघतात आणि जाताना पाण्याचे रेणू आपल्यासोबत ओढून नेतात. ऋणाग्राची बाजू फुगते, धनाग्राची बाजू आकसते आणि पट्टी धनाग्राच्या दिशेने वाकते. दिशा उलटविली की पट्टीही उलट वाकते. टॉर्चच्या दोन सेलवर चालणारी ही हालचाल शेपटी हलविणाऱ्या माशासारखी दिसते. याच पट्टीला हाताने वाकविले तर तिच्या दोन बाजूंमध्ये अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो. त्यामुळे ती स्पर्श वा हालचाल ओळखणारे साधन म्हणूनही उपयोगी पडू शकते.

परंतु दाब तसाच कायम ठेवला तर वाकलेली पट्टी हळूहळू मागे येऊ लागते. ऋणाग्राकडे गोळा झालेले पाणी पुन्हा पडद्यात पसरू लागते हे त्याचे प्रमुख कारण आहे. वजन उचलून धरावयाच्या कामात हा दोष मोठाच आहे. शिवाय पट्टी हवेत ठेवली तर पाणी सुकून ती निकामी होते आणि दाब वाढविला तर पाण्याचे विघटन सुरू होते. तत्त्वतः १.२३ व्होल्टच्या वर पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजनमध्ये विघटन शक्य असते.

फुगणारे विद्युत अग्र

दुसऱ्या प्रकारात विद्युत अग्र स्वतःच फुगते. पावसाळ्यात लाकडी दार हवेतील ओल शोषून फुगते आणि चौकटीत घट्ट बसते. लाकडातील सेल्युलोज हे एक बहुवारिकच आहे. त्याच्या साखळ्यांमध्ये पाण्याचे रेणू शिरले की साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात. पॉलिपायरोल या वीजवाहक बहुवारिकात असेच घडते, मात्र तेथे शिरणारे पाहुणे आयन असतात आणि त्यांना आत बोलावणे किंवा बाहेर पाठविणे विजेच्या हाती असते.

पॉलिपायरोलचे ऑक्सिडीकरण झाले की त्याच्या साखळ्यांवर धन भार येतो. तो संतुलित करण्यासाठी द्रावणातील ऋण आयन आत शिरतात आणि थर फुगतो. क्षपण झाले की ते बाहेर पडतात आणि थर आकसतो. येथे एक लक्षणीय गोष्ट आढळते. हा थर तयार करतानाच त्यात बाहेर पडू न शकणारे मोठे ऋण आयन अडकवून ठेवले तर सर्व क्रम उलटतो. मग क्षपणाच्या वेळी अडकलेल्या ऋण भाराला तोल देण्यासाठी द्रावणातील धन आयन आत येतात आणि थर त्या वेळी फुगतो. पदार्थाचे नाव तेच, बॅटरीही तीच, पण आयनांची निवड बदलली की हालचाल उलट होते. यंत्र कसे वागेल हे केवळ बहुवारिकावरून सांगता येत नाही. विद्युत अपघटनीची माहितीही तितकीच आवश्यक असते.

अशा थराच्या लांबीतील बदल साधारणपणे काही टक्केच असतो, स्नायूच्या तुलनेत कमी. परंतु त्याचे बळ, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे तो निर्माण करू शकणारा ताण, नैसर्गिक स्नायूच्या कित्येक पट असू शकतो.

गती मंद का?

या पदार्थांची सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे त्यांची मंद गती. तारेतून विजेचा संदेश क्षणार्धात पोहोचतो. घन बहुवारिकाच्या दाट साखळ्यांतून वाट काढणाऱ्या आयनाला मात्र वेळ लागतो. शिवाय हा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एखादा थर भरण्यास १ सेकंद लागत असेल तर त्याच पदार्थाचा दुप्पट जाडीचा थर भरण्यास ४ सेकंद आणि दहापट जाडीचा थर भरण्यास १०० सेकंद लागतील. केसाहून पातळ पट्टी चपळ असते, पण बोटाएवढ्या जाडीचा स्नायू त्याच रीतीने करावयाचा म्हटले तर तो कामाचा राहत नाही.

सच्छिद्र अग्रांतही हीच अडचण वेगळ्या रूपात येते. पाटाचे पाणी प्रथम मुखाजवळच्या शेतांना मिळते आणि टेलच्या शेतकऱ्याला वाट पाहावी लागते. छिद्राच्या तोंडाजवळचा भाग आधी भारित होतो आणि आतल्या टोकाकडील भाग मागाहून. घाईने दाब दिला आणि लगेच काढून घेतला तर आतील भागाला आयन पोहोचतच नाहीत, आणि चिमूटभर कोळशातील त्या १० गुंठ्यांपैकी केवळ बांधालगतची पट्टी उपयोगात येते. याला उपाय कालव्याचाच आहे. वाटा मोकळ्या ठेवाव्या, शेवटचे टोक जवळ आणावे आणि पोटचाऱ्या वाढवाव्या. संशोधकांनी नेमके हेच केले आहे. पातळ थर, एकत्र बांधलेले अनेक बारीक तंतू आणि मोकळी रचना यांवर त्यांचा भर आहे.

१९९९ मध्ये रे बॉमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे कागदासारखे पत्रे मिठाच्या द्रावणात ठेवून अल्प दाबावर त्यांची हालचाल दाखविली. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी अशा नळ्या आणि खोलीच्या तापमानाला द्रव राहणारे, जवळजवळ न सुकणारे क्षार यांपासून हवेत चालणारी पट्टी तयार केली. पाणी सुकण्याच्या अडचणीवर हा एक उपाय ठरला. २०१७ मध्ये स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठातील संशोधकांनी पॉलिपायरोलचा लेप दिलेल्या सुतापासून कापड तयार केले. विणकाम हातमागाच्या पद्धतीचे, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचे, असल्यास अनेक धाग्यांचे बळ एकत्र मिळते. स्वेटरप्रमाणे टाक्यांचे असल्यास ताणण्याची मर्यादा वाढते, असे त्यांना दिसून आले.

बॅटरीतील दोष, स्नायूतील गुण

आयन आत शिरल्याने अग्र फुगणे हा कृत्रिम स्नायूत गुण ठरतो. बॅटरीत तोच दोष असतो. मोबाइल दूरध्वनी आणि विजेवर चालणारी वाहने यांतील लिथियम बॅटरी भारित होते तेव्हा लिथियमचे आयन ग्राफाइटच्या पापुद्र्यांमध्ये शिरतात आणि ग्राफाइटचे आकारमान सुमारे १० टक्क्यांनी वाढते. सिलिकॉनमध्ये लिथियम कितीतरी अधिक मावते, परंतु ते घेताना त्याचे आकारमान तिपटीहूनही अधिक होते. वारंवार फुगण्या-आकसण्याने त्याला भेगा पडतात. सिलिकॉनचा सर्रास वापर करण्यातील ही मुख्य अडचण आहे.

फार वेगाने, विशेषतः थंडीत, भारण केल्यास आयन ग्राफाइटपाशी ज्या गतीने येतात त्या गतीने त्यांना आत जागा मिळत नाही. मग त्यांचा धातुरूप थर बाहेरच साचू लागतो. तो बॅटरीचे आयुष्य घटवितो आणि धोकाही वाढवितो. मोबाइलची बॅटरी बाहेरून फुगलेली दिसते त्याचे कारण मात्र बहुधा निराळे असते. विद्युत अपघटनीचे विघटन होऊन आत वायू साचलेला असतो. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा भारित करू नये किंवा घरच्या कचऱ्यात टाकू नये. ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावी. हा नियम शाळांतून मुलांना आवर्जून सांगण्यासारखा आहे.

पंज्याची परीक्षा

अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील योसेफ बार-कोहेन यांनी १९९९ मध्ये या क्षेत्रापुढे एक आव्हान ठेवले. कृत्रिम स्नायूंच्या हाताने माणसाशी पंजा लढवून जिंकून दाखवावे, असे ते आव्हान होते. पहिली स्पर्धा मार्च २००५ मध्ये सॅन दिएगो येथे झाली. तीन वेगवेगळ्या गटांनी तयार केलेले तीन हात उतरले होते आणि त्यांच्यासमोर होती १७ वर्षांची एक शाळकरी मुलगी. तिने तिन्ही हातांना हरविले. सर्वांत अधिक टिकलेला हातही अर्ध्या मिनिटाच्या आत पडला.

या निकालाने संशोधन थांबले नाही, पण त्याची दिशा मोजून घेता आली. विजेवर चालणाऱ्या बहुवारिकांचे दोन प्रमुख गट आहेत. रबरासारख्या बहुवारिकाच्या दोन बाजूंना लवचीक विद्युत अग्रे लावून ते दाबले जाते, तो एक गट. त्याची हालचाल वेगवान व मोठी असते. अमेरिकेतील संशोधकांनी २००० मध्ये १०० टक्क्यांहून अधिक ताण दाखविला होता. मात्र त्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो. या लेखात वर्णिलेला आयनांचा गट अवघ्या काही व्होल्टवर चालतो, पण तो मंद व नाजूक आहे. त्यामुळे त्याचे खरे क्षेत्र लहान आकारात आहे. २००० मध्ये लिंकोपिंग येथेच पॉलिपायरोल व सोने यांच्या थरांपासून द्रावणात काम करणारे, अतिशय सूक्ष्म हात तयार करण्यात आले आणि त्यांनी काचेचे सूक्ष्म मणी उचलून हलविले. शरीरातील द्रव हे क्षारयुक्तच असल्याने शस्त्रक्रियेच्या बारीक साधनांसाठी या पदार्थांकडे आशेने पाहिले जाते.

शाळेतील एक सोपा प्रयोग

या विषयासाठी महागडी सामग्री नसली तरी अडत नाही. ट्रेसिंग पेपरचा छोटा चौकोन ताटलीतील पाण्यावर अलगद ठेवावा. पाण्याला लागलेली बाजू फुगते आणि कागद झटकन वर वळतो. थोड्या वेळाने पाणी कागदातून वरच्या बाजूपर्यंत पोहोचते, दोन्ही बाजू समान होतात आणि कागद पुन्हा सपाट होतो. वाकणाऱ्या पट्टीचे झटपट वळणे आणि मग सावकाश मागे येणे, या दोन्हींचे कारण विद्यार्थ्यांना येथे एका मिनिटात दिसते. एकपदरी व दुपदरी चिकटविलेल्या कागदाला लागणाऱ्या वेळाची तुलना केल्यास जाडीचा परिणामही लक्षात येतो.

आयनांचा प्रवास दाखविण्यासाठी पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून त्यात पेन्सिलीतील शिशाचे दोन तुकडे ठेवावे आणि ते ९ व्होल्टच्या लहान बॅटरीस जोडावे. दोन्ही शिशांवर बुडबुडे येतात. येथे साधे मीठ वापरू नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. प्रयोग हवेशीर जागी व शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा आणि घरातील विजेच्या जोडणीचा वापर कोणत्याही परिस्थितीत करू नये.

कसोटीचे प्रश्न

नव्या पदार्थांविषयीच्या बातम्या आता खेड्यापर्यंत पोहोचतात आणि त्यांच्या आधारे साधने विकत घेण्याचे प्रस्तावही येतात. कृत्रिम स्नायूंविषयी कोणताही दावा समोर आला तर पाच प्रश्न विचारावे. तो किती व्होल्टवर चालतो? किती टक्के हलतो आणि किती वजन उचलतो? त्या हालचालीस किती वेळ लागतो? किती वेळा हलल्यानंतर तो थकतो? आणि तो कोरड्या हवेत चालतो की त्याला सतत ओले ठेवावे लागते? या पाचही प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी समाधानकारक देणारा पदार्थ हाती येईल तेव्हा मोटारीवरील जड हाताची जागा हलका हात घेऊ शकेल. तो येईपर्यंत हात गमावलेल्या माणसाला देण्यात येणारे आश्वासन या उत्तरांच्या मापाचेच असले पाहिजे.